डावीकडे ओढते

"गाडी डावीकडे ओढते," शालन म्हणाली आणि चावी माझ्या हातावर ठेवून आत गेली.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळचे आठ वाजले असतील. ती रोजच्यासारखी कुपवाडच्या रस्त्यानं एक फेरी मारून आली होती. मी पोर्चच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, 'डावीकडे ओढते', आणि खाली तारीख घातली.

आमची नवरा-बायकोची कामाची पद्धत अशीच होती. तक्रार तिनं सांगायची, एका वाक्यात. मी ती भिंतीवर लिहायची आणि शोधायला लागायचं. दोष निघाला, दुरुस्ती झाली, तिनं फेरी मारून 'झालं' म्हटलं की ओल्या फडक्यानं पुसायची. चार वर्षांत त्या भिंतीवर बरंच लिहिलं आणि पुसलं गेलं होतं. चढाला शिट्टी वाजते, म्हणून लिहिलं तर टर्बोच्या रबरी पाइपची क्लिप सैल निघाली. सकाळी पहिली पाच मिनिटं अडखळते, तर एक स्पार्क प्लग गेलेला. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, तर डिस्क वाकलेली. तिची तक्रार कधी खोटी निघाली नाही. ती 'उजवीकडून मागून' म्हणाली तर आवाज उजवीकडून मागूनच असायचा.

गाडी लहान होती, लाल रंगाची, जुनी घेतलेली. बघणाऱ्याला वाटावं चार माणसांची घरगुती गाडी. पण तिला टर्बो होता, स्प्रिंगा कडक होत्या आणि आधीच्या मालकानं शर्यतीसाठी बरेच उद्योग करून ठेवले होते. शालननं ती ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यावर घेतली. स्कूल तिच्या वडिलांचं, मिरजेत. त्यांच्यामागं तिनं ते बावीस वर्षं चालवलं. निम्म्या मिरजेतल्या बायका तिच्या हाताखाली गाडी शिकल्या. बावीस वर्षं ती डाव्या सीटवर बसली, पायाखाली जादा क्लच-ब्रेक घेऊन, दुसऱ्यांना सांभाळत. मग म्हणाली, आता थोडे दिवस मी उजवीकडे बसणार आणि कुणाला सांभाळणार नाही.

मी गाडी चालवत नव्हतो. एमआयडीसीतल्या कारखान्यात टूलरूमला असताना ग्राइंडिंगची ठिणगी उडून माझा डावा डोळा गेला. लायसन्स पुढं मी नूतनीकरणाला दिलंच नाही. कंपनीनं मला गेज रूमला बसवलं. कारखान्यातली मोजायची हत्यारं तिथं यायची, मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्लग गेज, आणि ती बरोबर मोजतायत का हे मी तपासायचो. त्याला एक डोळा पुरतो. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. घरी मी गाडी उघडायचो, ती चालवायची. आणि स्वयंपाकातलं चटणी-कोशिंबीर हे खातं माझ्याकडं होतं. ती म्हणायची, तुमचा हात मोजका आहे, मिठाला चुकत नाही. कारळ्याची चटणी तर तिला भाजीइतकी लागायची.

दरवर्षी जानेवारीत बंद सूतगिरणीच्या मैदानावर इथल्या मोटर क्लबची वेळेची शर्यत व्हायची. मैदानात रस्त्याच्या कामाला ठेवतात तसे नारिंगी कोन मांडायचे, एकेक गाडी त्यांतून वाकडीतिकडी न्यायची, कोन पडला तर दंडाचे सेकंद. बायकांचा वेगळा गट असे, सहा-सात जणींचा. आदल्या वर्षी शालन चार दशांश सेकंदानं दुसरी आली होती. पहिली आलेली कोल्हापूरची एक दाताची डॉक्टर, तिच्या निम्म्या वयाची. त्या दिवशी घरी येताना शालन एवढंच बोलली होती की पुढच्या जानेवारीत मला पंचावन्न लागतं, गुडघे त्याच्यापुढं काही ऐकतील असं वाटत नाही. म्हणजे ही शेवटची खेप, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

तर हातात दोन महिने होते.

सुरुवात हवेपासून केली. चारही चाकांची हवा सारखी होती. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घातले. टायरचा दोष असेल तर ओढ बाजू बदलते. ती फेरी मारून आली. "डावीकडेच."

मग ब्रेक. एखादा ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी त्या बाजूला जाते. गाडी जॅकवर घेऊन चाकं हातानं फिरवली, दोन्ही सारखी फिरली. फेरीहून आल्या आल्या डिस्कजवळ हात धरला, दोन्हीकडे सारखीच ऊब. मग खालचे रबरी बुश. डावा जरा थकलेला वाटला, बदलला. चार दिवस त्यात गेले. ती फेरी मारून आली आणि मान हलवली.

त्याच आठवड्यात गेटच्या खांबाला डावा आरसा लागून फुटला. बावीस वर्षं गाडी शिकवलेल्या बाईचा आरसा स्वतःच्या गेटला लागला म्हणून शेजारचे देसाई हसले. शालन हसली नाही. म्हणाली, बघा, गेटमधूनसुद्धा सरळ निघत नाही.

मी दोरी बांधली. गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणायची आणि तिच्यापासून चाकांची पट्टीनं अंतरं घ्यायची, ही जुनी रीत. मोजमापं बरोबर आली. मला वाटलं, माझ्या डोळ्याचा दोष असेल. म्हणून गाडी बशीर मुल्लाकडं नेली. बशीरचं टायरचं दुकान स्टेशन रोडला, चाकांची अलाइनमेंट काढायचं लेसरचं मशीन त्याच्याकडं. त्यानं अर्धा तास घालवला आणि छापलेला कागद शालनच्या हातात दिला. सगळे आकडे हिरवे होते.

"वहिनी, शोरूममधून निघाली तेव्हा एवढी सरळ नसंल," तो म्हणाला.

"कागद सरळ आहे, बशीरभाई," शालन म्हणाली. "गाडी नाही."

बशीरनं स्वतः एक फेरी मारली. परत येऊन म्हणाला, मला काय जाणवत नाही, पण तुमच्याइतके माझे हात तयार नाहीत. हे तो चेष्टेनं बोलला नव्हता. त्याची बायकोही शालनकडंच शिकली होती.

शालनला शंका आली की रस्ताच डावीकडे उतरता असेल. आपले रस्ते पाणी जावं म्हणून कडेला उतरते असतात. म्हणून आम्ही सूतगिरणीच्या मैदानावर गेलो. तिथलं काँक्रीट सपाट आहे. ती आधी चिमणीकडे गेली, मग वळून फाटकाकडे. दोन्ही वेळेला म्हणाली, डावीकडे. मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी वीसच्या वेगानं शंभर मीटर गेलो. मला काही जाणवलं नाही. पण माझ्या जाणवण्याला काय किंमत होती. मी वीसहून जास्त वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

परतताना मी तिच्या शेजारी बसून दोन-तीनदा काहीबाही विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. हे त्या दिवसांत वरचेवर व्हायला लागलं होतं. मी डाव्या सीटवर बसून बोलायचो आणि ती समोर बघत राहायची. मला वाटायचं, ती गाडीचं ऐकतेय. मग मीही गप्प बसायचो. तिच्या एकाग्रतेत माझा अडथळा नको.

जेवतानाही ती अशीच झाली होती. ताटातली चटणी तशीच राहायची, कोशिंबीर राहायची. भाजी-आमटी मात्र संपलेली असे. मी एकदा विचारणार होतो, मग म्हटलं, पोटात आग पडत असेल, या वयात होतं. खरं सांगायचं तर मला थोडं लागलंही. तरी मी करत राहिलो. उरलेली चटणी दुसऱ्या दिवशी मी खायचो आणि तिच्यासाठी ताजी कुटायचो.

डिसेंबर लागला. भिंतीवरची तक्रार एवढे दिवस कधी राहिली नव्हती. तपासायचं सगळं तपासून झालं होतं. सकाळी ती फेरी मारून यायची, चावी माझ्या हातावर ठेवायची आणि काही बोलायचीच नाही. मी पोर्चमध्ये पाटावर बसून त्या गाडीकडं बघत राहायचो. जे मोडलेलं नाही ते दुरुस्त कसं करायचं, हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मग मला सुचलं. दोष सापडत नसेल तर राहू दे. ओढ तर घालवता येईल.

पुढचं चाक नीट उभं आहे की वरच्या बाजूनं आत-बाहेर कललंय, त्या कलाला कॅम्बर म्हणतात. दोन्हींतलं जे चाक वरून जास्त बाहेर कललेलं, त्याच्याकडे गाडी जाते. आमच्या गाडीला आधीच्या मालकानं कल बदलता येईल असे खुणा आखलेले बोल्ट बसवले होते. उजव्या चाकाचा बोल्ट थोडा फिरवला तर गाडी उजवीकडे जायला बघेल, आणि डावीकडची ओढ तिथंच मिटेल.

बशीरला सांगितलं तर तो तयार होईना. "चौगुलेसाहेब," तो म्हणाला, "सरळ गाडी वाकडी करायची असली तर घरी करा. माझ्या दुकानात नको."

मी घरीच केलं. दहा डिसेंबरला सकाळी गाडी जॅकवर घेतली आणि बोल्ट एक खूण फिरवला. ती फेरी मारून आली. गाडीतून उतरायच्या आधीच काच खाली करून म्हणाली, "झालं."

एक महिन्यानं मी तो शब्द ऐकत होतो. मी फडकं ओलं केलं आणि भिंत पुसली.

दहा-बारा दिवसांनी तिनं परत चावी हातावर ठेवली. परत ओढायला लागली होती. मला वाटलं बोल्ट सरकला असेल. मी त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. ठिपका जागेवर होता. एक मिनिट मी तो ठिपका बघत बसलो, आणि मग बोल्ट दुसरी खूण फिरवला. ती म्हणाली, झालं. चार जानेवारीला तिसरी खूण. ती म्हणाली, झालं, आता अगदी सरळ. त्या रात्री तिनं हसत हसत सांगितलं की कोल्हापूरच्या बाईनं या वर्षी दात सांभाळावेत.

तीनदा. दर वेळेला मी भिंत पुसली.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी केतकी पुण्याहून आली. आमची एकुलती एक लेक. तिलाही गाडी आईनंच शिकवली. शनिवारी सकाळी मैदान बघून येऊ म्हणून तिघं निघालो. केतकी म्हणाली, मी चालवते. शालन तिच्या शेजारी डावीकडे बसली, मी मागे.

बायपास सोडून गिरणीच्या रस्त्याला लागल्यावर केतकीनं स्टिअरिंग दोन-तीनदा हलवून बघितलं. म्हणाली, "बाबा, ही उजवीकडे जातेय."

शालन म्हणाली, पुण्याच्या रहदारीत तुझे हात बिघडलेत.

उसाचा हंगाम होता. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या. केतकी गिअर बदलायला लागली, एक हात सुटला आणि गाडी त्या ट्रॉलीकडे निघाली. तिनं गाडी वेळेवर आत घेतली. उसाची पानं माझ्या खिडकीला घासून गेली. केतकीनं गाडी कडेला थांबवली, दोन श्वास घेतले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून मैदानापर्यंत आणली.

मैदानात क्लबच्या लोकांनी सरावासाठी कोन मांडून ठेवले होते, दोन रांगांत, मधून गाडी जाईल एवढी वाट. माणूस अजून कुणी आलं नव्हतं. केतकीनं आम्हाला उतरवलं, गाडी चाळीसच्या वेगानं मोकळ्या बाजूला नेली आणि दोन्ही हात सोडून खिडकीतून वर धरले, मला दिसावेत म्हणून. गाडी उजवीकडे गेली. ती वळून परत आली, परत हात सोडले. परत उजवीकडे. एका डोळ्याच्या माणसालाही दिसेल इतकी.

ती उतरून माझ्याकडं आली. मी तिला सांगितलं की ते मीच केलंय, आईसाठी, गाडी डावीकडे ओढत होती.

"बशीरकाकांचं मशीन काय म्हणालं होतं?"

"सरळ."

"आणि बशीरकाका?"

"त्यांना काही जाणवलं नाही."

"आणि तुम्हाला?"

मी गाडीच्या उजव्या चाकाकडं बघितलं. केतकी पुढं काही विचारणार तेवढ्यात शालन आली. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "सरका दोघं. मी दाखवते कशी सरळ जाते."

ती बसली. तिनं सीट पुढं घेतली, आरसा नीट केला, नेहमी करायची तसं सगळं केलं. मग गाडी सुटली. मी शेवटच्या कोनाच्या पुढं उभा होतो, केतकी माझ्याजवळ. समोरून गाडी येताना मला तिचा चेहरा दिसत होता. तोंड मिटलेलं, नजर पुढं. वेग चांगला होता. ती दोन्ही रांगांमधून आली आणि आमच्याजवळ येऊन थांबली. उतरून बॉनेटला टेकून उभी राहिली. थोडा दम लागला होता, पण खूश होती.

"कुठं ओढतेय सांग," ती केतकीला म्हणाली. "एक तरी कोन हलला का?"

तिच्या मागं, गाडीच्या डावीकडच्या रांगेतले चार कोन आडवे पडले होते. उजवीकडचे सगळे उभे.

केतकीनं माझ्याकडं बघितलं. तिला जे दिसत होतं तेच मलाही दिसत होतं, पण मला वाटलं, शालन वळून बघेल, कपाळावर हात मारेल, म्हणेल अगं बाई. तिनं उजव्या खांद्यावरून मान वळवून बघितलंही. त्या बाजूच्या पूर्ण रांगेवरून नजर फिरवली. आणि समाधानानं परत आमच्याकडं वळली.

मी चालत तिच्या डाव्या बाजूला गेलो. अगदी जवळ, हात पुढं केला तर खांद्याला लागेल इतका. आणि हाक मारली, "शालन."

तिनं उजवीकडे बघितलं. तिकडं गिरणीची चिमणी होती आणि मोकळं मैदान. तिनं आणखी उजवीकडे मान वळवली.

"कुठं आहात?" ती म्हणाली. "इकडं समोर या की."

गेज रूमला मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कारखान्यातून कुणी ओरडत आलं की जॉब चुकलाय, माप बसत नाही, तर जॉबला, म्हणजे बनवलेल्या नगाला, हात लावायचा नाही. आधी ज्यानं मोजलं ते गेज मागून घ्यायचं आणि ते तपासायचं. एकोणीस वर्षं मी रोज तेच केलं. आणि या दोन महिन्यांत मी टायर तपासले, ब्रेक तपासले, बुश बदलले, दोरी बांधली, मशीन खोटं ठरवलं. तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला बरं वाटतं ना.

शर्यतीला आम्ही गेलो नाही. सोमवारी मिरजेतच डोक्याचं स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायचे. म्हणाले, हात-पाय चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डाव्या बाजूचं जग सोडून देत चाललाय. आणि काही सुटतंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही, त्याला वाटतं बाहेरच काहीतरी बिघडलंय. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, हे एकदम होत नाही, दोन-तीन महिने तरी चाललं असेल, घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही का?

"आलं होतं," मी म्हणालो. "नोव्हेंबरमध्येच आलं होतं. मी दुरुस्त केलं."

त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो परत विचारला. तेव्हा केतकीनं माझा हात धरला आणि ती डॉक्टरांशी बोलायला लागली.

पुढं मी त्यांना एकदा एकटा जाऊन भेटलो. विचारलं, नोव्हेंबरात आणलं असतं तर? ते म्हणाले, या जातीच्या गाठीत फार फरक पडला नसता. चांगल्या मनानं म्हणाले. पण मी मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी माल परत पाठवलेला माणूस. फार फरक नाही म्हणजे थोडा आहे, एवढं मला कळतं.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. सगळी गाठ निघाली नाही. सप्टेंबरात ती गेली.

याला आता सहा वर्षं झाली. गाडी पोर्चमध्येच आहे. बशीर दोनदा म्हणाला, बोल्ट जागेवर आणून देतो, केतकीला तरी वापरता येईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तीन खुणा, रंगाच्या ठिपक्यासकट, आहेत तशा आहेत. तिचं जग किती सरकलं होतं याचं माझ्याकडं तेवढंच मोजमाप आहे.

पण सांगायचं होतं ते मार्चमधलं.

ऑपरेशननंतर ती घरी आली. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. हाक उजवीकडून मारा. खाट अशी लावा की दार तिच्या उजवीकडे येईल. आणि जेवताना, अर्धं झालं की ताट फिरवा. मला हे शेवटचं नीट कळलं नाही, पण मी हो म्हटलं.

दुपारी मी तिचं ताट वाढलं. उजवीकडे दोडक्याची भाजी आणि आमटी, मधे भात. डावीकडे नेहमीसारखं मीठ, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर आणि कारळ्याची चटणी, त्याच सकाळी कुटलेली. तिनं भाजी संपवली, आमटी संपवली. भात बरोबर निम्मा खाल्ला, मधोमध रेघ ओढल्यासारखा. मग म्हणाली, झालं माझं, आणि हात धुवायला तांब्या मागितला.

मी ताटाला दोन्हीकडून धरलं आणि अर्धा वळसा फिरवलं.

ती बघत राहिली. तिला वाटलं मी दुसरं ताट ठेवलं. तिनं भाताकडं बघितलं, कोशिंबिरीकडं बघितलं. मग चटणीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"कारळ्याची," ती म्हणाली.

"हो."

"किती दिवसांनी केलीत."

मी म्हटलं, "रोज करतोय, शालन. तू दवाखान्यात होतीस तेवढे दिवस सोडले तर एक दिवस चुकलेला नाही."

ती विचार करत राहिली. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळं तिला ते लावून बघता येत होतं. वेळ लागला. मी तिला घाई केली नाही.

"दिवाळीनंतर ताटात चटणी दिसेनाशी झाली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही करायचं सोडलंत."

"मग विचारायचं नाही का?"

"कितीदा मनात आलं. पण तुम्ही गाडीत गुंतला होतात. रात्री झोपेतसुद्धा बोल्ट-बोल्ट करायचात. म्हटलं, तिचा दोष एकदा सापडू दे, मग मागून घेईन."

तिनं भात कालवला. चटणी लावून लावून सावकाश खाल्ली, कोशिंबीरही खाल्ली. ताटाचा काठ बोटानं पुसून घेतला. मग वर बघून विचारलं, "अजून आहे?"

मी वाढली. या वेळी उजवीकडे.